तारीखरावांची उलटलेली तारीख

तारीखराव कुणाच्याही घरी गेले, की आधी यजमानाच्या तोंडाकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात. भिंतीवर लाल बाटला टांगलेला आहे का, असला तर त्याच्या गळ्यात टॅग आहे का, आणि टॅगवरची तारीख उलटून गेली आहे का, एवढं झालं की मग "काय, बरे आहात ना?" हा प्रश्न. तोही उत्तराची वाट न बघता.

आग विझवायचे बाटले तपासणं हा त्यांचा धंदा. बत्तीस वर्षं झाली. दुकानं, शाळा, लॉज, दवाखाने, सिनेमागृहं. गावातला एक बाटला असा नसेल जो तारीखरावांनी उलटा करून बडवलेला नाही. आईबापांनी त्यांचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता फक्त मतदारयादीत उरलं आहे. "तारीख काय आहे?" हे वाक्य दिवसातून चाळीसदा म्हणणाऱ्या माणसाला लोकांनी दुसरं काय म्हणावं?

लेकीच्या लग्नात फोटोच्या वेळी नवरीचा बाप सापडेना. शोधाशोध झाली. साहेब हॉलच्या मागच्या जिन्यात उकिडवे बसून मॅनेजरला झापत होते. "दोन वर्षं उलटली या बाटल्याला. दोन वर्षं! उद्या स्टेज पेटलं तर काय सरबतानं विझवणार?" त्या लग्नाच्या मोठ्या फोटोत सगळी मंडळी आहेत आणि नवरीच्या बापाच्या जागी एक रिकामी खुर्ची आहे. बायकोनं तो फोटो मुद्दाम दिवाणखान्यात लावला आहे.

पण माणूस कामाला चोख, हे त्यांचे शत्रूसुद्धा कबूल करतील. बाटला भिंतीवरून काढायचा, ताणकाट्याला लावून वजन बघायचं. मग उलटा करून बुडावर तळव्याचे चार दणके, म्हणजे आतली पावडर बसून दगड झाली असेल तर कळतं. मग डोक्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की लालकडे सरकलाय ते चष्मा कपाळावर चढवून न्याहाळायचं. पिन बघायची, सील बघायचं. आणि मगच टॅग: आजची तारीख, पुढची तारीख बरोबर एक वर्षानं, शेऱ्यात 'पिन शाबूत', खाली सही. हे एवढे टॅग लिहून झाले होते की पहिली ओळ लिहायला डोकं लागे, पुढचं हात आपलाआपण लिहून मोकळा होई.

या धंद्यात स्कूटरवर बसल्याबसल्या टॅगचा गठ्ठा लिहून दुकानदाराच्या हातात देणारे महाभाग आहेत. तारीखरावांचा एक जुना जोडीदार त्यातलाच. त्यानं एकदा चहा पिता पिता एका कापडदुकानाचे आठ टॅग उरकले. पुढच्या महिन्यात दुकान पेटलं, मालकानं बाटला उचलून पिन ओढली, तर बाटल्यानं नुसतं 'फुस्स' केलं, म्हातारीनं सुस्कारा टाकावा तसं. ही गोष्ट तारीखरावांनी आपल्या एकुलत्या एका लेकीला ती चार वर्षांची असल्यापासून जेवताना सांगितली. इतर मुलांना राक्षसाची भीती असते, हिला 'फुस्स'ची. "न तपासता टॅग लावणारा माणूस आग लावणाऱ्यापेक्षा वाईट," हे गोष्टीचं तात्पर्य. लेक मोठी होऊन दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली आणि आख्खे टँकर नापास करून परत पाठवू लागली. ज्या दिवशी टँकर परत जाई, त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवे. रक्त कुठं जाणार?

दुकानदारांचं आणि तारीखरावांचं भांडण ठरलेलं. दुकानदार म्हणणार, "अहो, नवाच आहे की बाटला. एकदाही वापरला नाही."

"म्हणूनच बघायचा! दाब काय तुम्हाला सांगून जातो? गपचूप जातो. वरून लालभडक, आतून गार. वापरला नाही म्हणजे भरलेला आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

हे भाषण त्यांनी बत्तीस वर्षं दिलं. ते आपल्याच अंगावर येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं असं, की लेक गरोदर राहिली. सातवा महिना संपता संपता एका रविवारी ती माहेरी आली, चहा घेतला, आणि टँकर नापास करतानाचा चेहरा करून म्हणाली, "आई, बाबा, तुम्ही दोघांनी बूस्टर घ्यायचाय. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला, तिन्हींचं मिळून एकच इंजेक्शन. मी घेतलंय, ह्यांनी घेतलंय, सासूबाई आणि मामंजींनी कालच घेतलं."

"आम्हाला कशाला?" तारीखराव हसले. "आमचं लहानपणीच सगळं टोचून झालंय. नवाकोरा माल आहे. एकदाही आजारी नाही."

"लहानपणचं आयुष्यभर पुरत नाही, बाबा. हळूहळू ओसरतं. डांग्या खोकल्याचं तर काही वर्षांतच. मोठ्या माणसाला तो झाला तर नुसता चिवट खोकला राहतो, आपल्याला वाटतं हवा बदलली. पण ह्याची बाळाची स्वतःची पहिली लस दीड-दोन महिन्यांनी. तोवर तान्ह्याला तो झाला तर श्वासच अडकतो."

"बरं बरं. घेऊ."

"घेऊ नाही. बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याच्या हातात बाळ नाही. मग तो कुणीही असो." हे 'कुणीही' म्हणताना ती सरळ बापाकडे बघत होती.

आता इथं एक गुपित सांगायला हवं, जे घरातल्या तिघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आगीला हा माणूस भीत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी डिझेलचा ट्रे धडधडून पेटवून हे बाह्या सरसावून असे शिरतात की बघणारे चार पावलं मागं जातात. तीनदा भुवया जळल्या आहेत, डावी अजून नीट आलेली नाही. पण सुई? सुई दिसली की पाय दाराकडं वळतात. शाळेत टोचणारे आले तेव्हा स्वारी खिडकीतून उडी टाकून पसार झाली होती, आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागं सापडली होती. म्हणजे 'सगळं टोचून झालंय' हेही पुरतं खरं नव्हतंच.

बायको दुसऱ्याच दिवशी जाऊन टोचून आली. दोन दिवस दंड धरून कण्हली, तिसऱ्या दिवशी भांडायला मोकळी झाली. "तुमचं कधी?"

"उद्या."

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. अखेर तारीखराव दवाखान्यात गेले. रांगेत बसले. नंबर आला, आत गेले. सिस्टर पाठमोरी उभी राहून सुई उजेडात धरून नखानं टिचक्या मारत होती. सुईच्या टोकावर एक थेंब आला आणि थरथरला. तारीखरावांची नजर आपोआप भिंतीवर गेली.

"सिस्टर, याची तारीख बघितलीत?"

"काका, तुम्हीच मागच्या महिन्यात बघून गेलात."

"मागच्या महिन्यात बघितला म्हणून काय दाब आजपर्यंत थांबतो?" असं म्हणत त्यांनी बाटला काढला, उलटा केला, चार दणके घातले. बाहेर बसलेलं एक पोर घाबरून रडायला लागलं. यांनी शांतपणे टॅग बांधला, सही केली, आणि दुसऱ्या दारानं निघून गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या एका बाटल्याच्या गळ्यात महिन्याभरात तीन टॅग लागले. जगात एवढा सुरक्षित बाटला दुसरा नसेल. मात्र दुसऱ्या खेपेला जाता जाता टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एक कोरं लसीचं कार्ड त्यांच्या बोटांना चिकटलं.

घरी येऊन त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. बायकोचं कार्ड समोर ठेवलं. अक्षर ओळखू नये म्हणून डावीकडं झुकवलं, नेहमीचं काळं पेन सोडून निळं घेतलं. लसीचं नाव उतरवलं, तारीख टाकली, लसीच्या बाटलीचा नंबर एक आकडा बदलून लिहिला. अगदी सराईत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चहा निवतोय! काय करताय दार लावून?" तारीखरावांनी गडबडीनं बायकोचं कार्ड कुंडीखाली सरकवलं आणि उरलेल्या दोन ओळी तिथल्या तिथं उरकल्या. कार्ड खिशात. चहा झकास झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही हातांत दोन बाटले घेऊन जिना चढताना बायकोनं बघितलं. "दंड नाही का दुखत तुमचा?"

"दंड? हो हो. ठणकतोय." आणि त्यांनी डावा दंड धरला. संध्याकाळी टीव्ही बघताना ठणका उजव्या दंडात गेला होता. बायको काही बोलली नाही. ती एकदा गप्प बसली, की समजावं, पुढं कुठंतरी व्याजासकट येणार आहे.

बाळ आलं. मुलगा. बाळंतपणाचा दवाखाना लेकीच्या सासरच्या घराला लागूनच होता, म्हणून ती सासरीच राहिली. पहिले दिवस दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. आठव्या दिवशी बोलावणं आलं. तारीखरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. त्यांना एकच गोष्ट हवी होती: नातू हातात घ्यायचा. तेवढ्यासाठी ते दोन महिने झुरत होते. मधेच एकदा वाटलं, जाऊन खरंच टोचून घ्यावं का? पण मग डोळ्यांसमोर तो थरथरता थेंब यायचा.

दारात व्याही उभे. हे गृहस्थ म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. शिट्टी गेली, पण छाती अजून पुढंच. आजीआजोबांत व्याह्यांनी लस सगळ्यात आधी घेतली होती, बाही वर करून, 'पुढचा!' असं ओरडून. स्वतःचं कार्ड त्यांनी प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलं होतं. शिवाय बाळाला त्यांनी आतापर्यंत अकरा वेळा घेतलं होतं, आणि ही संख्या ते आल्यागेल्याला सांगत होते.

"या व्याहीबुवा, या! विहीणबाई, तुम्ही पण. आधी हात, मग कार्ड, मग बाळ. लाइनीत या."

लेक आतल्या खोलीतून बाळ घेऊन आली. एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठी, अगदी तारीख उलटलेला बाटला दिसल्यावर आजोबांच्या कपाळावर येते तशी. तारीखरावांनी नकळत हात पुढं केले.

"बाबा, कार्ड," लेक म्हणाली.

त्यांनी ऐटीत खिशातून कार्ड काढलं. ते मधल्यामधे व्याह्यांनी घेतलं. चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे काय? तुमची पुढची तारीख पुढच्याच वर्षी?"

"असेल."

"असेल कसं? माझी दहा वर्षांनी आहे." व्याह्यांनी लॅमिनेट केलेलं कार्ड उन्हात धरलं. "एकच लस, एकच दवाखाना. तुम्हाला काय हलका माल दिला की काय?"

"माझीही दहाच वर्षांनी," बायको म्हणाली. व्याज वसूल व्हायला सुरुवात झाली होती.

"आणि हे शेऱ्यात काय लिहिलंय?" व्याह्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "पिन... पिन शाबूत?"

मग बायकोनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. व्याही आधी गोंधळले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या. पण लेकीचा चेहरा बघून दोघंही थांबले. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं. डावीकडं झुकलेलं अक्षर बघितलं. मग बापाकडं बघितलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बाटला न उचलताच टॅग लावलात?"

तेवढंच. बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि ती आत गेली. दार लागलं. तारीखरावांचे हात अजून पुढंच होते. ते त्यांनी मागं घेतले, कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून खिशात घातले.

घरी परतून कुलूप उघडताना बायको म्हणाली, "दंड दुखत होता ना? डावा की उजवा, तेवढं एकदा ठरवून सांगा."

तारीखराव दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. सिस्टर आली. यांना बघून तिनं न बोलता भिंतीवरचा बाटला काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आधी हा बघून घ्या, काका. म्हणजे तो विषय संपला. याच्या गळ्यात आता टॅगची माळ झालीय."

"आज बाटला नको, सिस्टर. आज टोचायचं." मग खाली मान घालून त्यांनी 'नवाकोरा माल'पासून कोऱ्या कार्डापर्यंतची हकीकत सांगितली. सिस्टर ऐकताना दोनदा पाठमोरी झाली. खोकल्याचं निमित्त करत होती, पण खोकला असा नसतो.

"आणि तुमचं ते लहानपणचं झालेलं आहे ना? एकदाही वापरलं नाही, नवंच आहे?"

तारीखराव मांडीवरच्या बाटल्याची पिन चाचपत राहिले.

"गेल्या वर्षी मी हेच म्हटलं होतं, या बाटल्याबद्दल. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"दाब सांगून जात नाही," ते पुटपुटले.

"बाही वर करा." त्यांनी बाही वर केली, डोळे मिटले, दात आवळले. कपाळावर घाम आला. सिस्टरनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "डोळे उघडा हो. बाटला मांडीवर आहेच तर काटा तरी सांगा. मला तो लालकडे सरकल्यासारखा वाटतोय."

"छे! शक्यच नाही." डोळे उघडले, चष्मा कपाळावर गेला. "हिरव्यात आहे."

"नीट बघा. अगदी कडेला तर नाही?"

"कडेला? अहो, मधोमध आहे! हा बघा, हा पट्टा इथून सुरू होतो, आणि काटा..."

"झालं."

"काय झालं?"

"टोचून झालं. तिथं कापूस धरा."

तारीखरावांनी दंडाकडं बघितलं. तिथं खरोखरच कापूस होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याला भ्यायलो, ते काटा बघता बघता होऊन गेलं, याचा त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी थोडा अपमानच वाटला. सिस्टरनं खरं कार्ड भरलं, पुढची तारीख दहा वर्षांनी.

"शेऱ्यात काही लिहिणार नाही?" त्यांनी विचारलं.

"काय लिहू?"

"राहू दे."

बाहेर येऊन लेकीला फोन लावला. "घेतलं. खरं."

"बरं," ती म्हणाली. आवाज अजून गार. "आजपासून चौदा दिवस."

"एवढे? आता टोचलंय की!"

"बाटल्यात गॅस भरल्यासारखं नसतं ते, बाबा. अंगाला तयारीला वेळ लागतो."

मग सुरू झाली ती पंधरवड्याची शिक्षा. रोज संध्याकाळी कामावरून परतताना तारीखराव लेकीच्या खिडकीखाली स्कूटर उभी करायचे. व्याही बाळाला घेऊन काचेशी यायचे आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, "बघ बघ, कोण आलंय! बाहेरचे आजोबा! हात कर, बाहेरच्या आजोबांना हात कर!" आणि बाळाची मूठ धरून हलवायचे. मग बोटं वर करून आपला आकडा दाखवायचे: चौदा. सतरा. एकवीस वेळा घेतलं. तारीखराव दात ओठ खात, पण खिडकीखालून हलत नसत.

अकराव्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. नातू बघायला गेले होते त्याच्या दोन दिवस आधी ते एका शिंप्याच्या दुकानात बाटला तपासून आले होते. अरुंद दुकान. शिंपी मशीनवर वाकलेला, आणि खोकला असा की सुरू झाला की थांबायचंच नाव नाही. शेवटी श्वास घेताना घशातून शीळ वाजायची. "तीन आठवडे झाले," तो तेव्हा म्हणाला होता, "काही नाही, हवा बदललीय." आता तोच शिंपी रस्त्यात भेटला. म्हणाला, तपासणी झाली. डांग्या खोकला निघाला. घरातल्या सगळ्यांना गोळ्या चालू केल्यात.

तारीखराव स्कूटरवरच बसून राहिले. शिंप्याच्या दुकानात ते वीस मिनिटं होते. अगदी हातभर अंतरावर. आणि दोनच दिवसांनी, इस्त्रीचा शर्ट घालून, खोटं कार्ड दाखवून, ते तान्ह्यापुढं हात पसरून उभे राहिले होते. व्याह्यांनी तो पिनेचा शेरा वाचला नसता तर?

त्यांच्यापुढं दोन रस्ते होते. शिंप्याचं कुणाला सांगितलं नाही, तर तीन दिवसांनी चौदा पुरे होणार, आणि बाळ हातात. कोण विचारणार होतं? अंगात ना ताप ना खोकला. काटा हिरव्यात दिसत होता.

ते सरळ डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि सांगितलं, त्या दुकानात गेल्यापासून एकवीस दिवस खोकला आला नाही तरच बाळाजवळ जा. म्हणजे चौदाच्या वर आणखी चार दिवस. मग ते खिडकीखाली गेले. व्याही काचेशी येऊन "बाहेरचे आजो..." म्हणतायत तोवर यांनी खालूनच हात वर केला.

"आज बाळ मागं घ्या, व्याहीबुवा. आणि लेकीला बोलवा खिडकीत."

लेक आली. तारीखरावांनी रस्त्यात उभं राहून, येणारेजाणारे ऐकत असताना, सगळं सांगितलं. शिंपी, खोकला, दिवस, गोळ्या. काही लपवलं नाही. "चार दिवस वाढव माझे," ते म्हणाले. "तपासूनच टॅग लावायचा."

लेकीनं खिडकीचा कठडा घट्ट धरला होता. थोड्या वेळानं खालचं दार उघडलं आणि व्याही बाहेर आले, हातात एक घडीची खुर्ची. अंगणात, खिडकीपासून चांगल्या दहा पावलांवर त्यांनी ती उघडून ठेवली.

"स्कूटरवर किती दिवस बसणार?" ते दुसरीकडं बघत म्हणाले. "कंबर जाईल." त्या दिवसापासून व्याह्यांनी आकडा दाखवणं बंद केलं. चिडवणं मात्र चालूच. एवढा संत कुणी नसतो.

एकविसावा दिवस उजाडला. खोकला नाही, शिंकही नाही. तारीखराव पोचले तेव्हा दारात कुणी कार्ड मागितलं नाही. त्यांनी स्वतःच काढून लेकीच्या हातात दिलं. तिनं वाचलं: पुढची तारीख दहा वर्षांनी. शेरा कोरा. मग तिनं खिशातून एक पिवळा टॅग काढला, त्यांच्याच गठ्ठ्यातला, आईकडून मागवून घेतलेला, आणि बापाच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बारीक तारेनं बांधला. खाली तिची सही होती. "उचलून बघितलंय," ती म्हणाली. बाकी काही नाही.

आणि बाळ त्यांच्या हातांवर आलं.

तारीखरावांनी श्वास रोखून धरला होता, तो सोडला. हात नकळत थोडे खालीवर झाले, तोलून बघावं तसे. "तीन किलो नऊशे."

"सकाळी काट्यावर तीन किलो आठशे ऐंशी भरला," लेक म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

"अहो, सांभाळा!" व्याही ओरडले. "उलटा करून बडवू नका म्हणजे झालं!"

"गप्प बसा हो, ड्रिलमास्तर. बत्तीस वर्षांत एकही खाली पाडला नाही मी." त्यांनी बाळाच्या आठी पडलेल्या कपाळाकडं बघितलं. बाळानंही त्यांच्याकडं बघितलं, अगदी निरखून, जणू टॅग वाचतंय. मग त्यानं तोंड वाकडं केलं, पाय ताणले, दुपट्याची घडी सुटली, आणि बारीक, ताठ, सरळ धार थेट इस्त्रीच्या शर्टावर, टॅगवर, आणि तिथून डाव्या जळक्या भुवईपर्यंत गेली.

बायको हसून हसून खुर्चीत बसली. व्याह्यांनी भिंत धरली. लेक कापड आणायला धावली.

तारीखराव मात्र जागचे हलले नाहीत. चेहऱ्यावरून थेंब ओघळत असताना त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बाळाकडं वाकून बघितलं आणि बत्तीस वर्षांच्या अनुभवानं निकाल दिला:

"दाब उत्तम. एकदम हिरव्यात आहे."